पाऊस शून्य, कामं चार : सोलापूरच्या एका कोरड्या आठवड्याचं प्रकरण

परतीचा पाऊस माघारी गेला, हस्त आणि चित्रा सरली, स्वाती लागली, की सोलापूर जिल्ह्याच्या हवामान पत्रकात एक ओळ हमखास येते : ‘पुढील पाच दिवस हवामान कोरडे राहण्याची शक्यता.’ एवढं वाचलं की बहुतेक जण पत्रक बाजूला ठेवतात. पाऊसच नाही, तर बघायचं काय? पण किमान तापमान, सकाळ-दुपारची आर्द्रता, वारा आणि ढग या पत्रकातल्या खालच्या ओळी खऱ्या उपयोगाला येतात त्या याच आठवड्यात. पाऊस असला की कामं थांबवायची की नाहीत हे पाऊसच ठरवतो. कोरड्या आठवड्यात सगळी कामं एकदम मोकळी होतात आणि कोणतं कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला करायचं हे शेतकऱ्याला ठरवावं लागतं.

त्यासाठी इथे एक नमुना प्रकरण घेतलं आहे. शेत नमुन्याचं आहे आणि अंदाजाचे आकडेही ऑक्टोबरअखेर सोलापुरात नेहमी दिसणाऱ्या पल्ल्यात बसतील असे मांडले आहेत. हिशोबाची रीत मात्र कुठल्याही वर्षीच्या पत्रकाला तशीच लावता येते.

शेत आणि अडलेली कामं

उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नजच्या बाजूला सात एकर. जमीन मध्यम काळी, दोन फुटांच्या आसपास खोल, खाली मुरूम. त्यातली विभागणी अशी :

दोन एकर द्राक्ष, अंतर ९ बाय ५ फूट, ठिबकवर. फळछाटणी होऊन सोमवारी सोळावा दिवस. पाच ते सहा पानं आलीत, घड दिसू लागलेत. डाऊनी या ओल्या पानावर वाढणाऱ्या बुरशीजन्य रोगाला वेल सगळ्यात हळवा असतो तो याच अवस्थेत.

तीन एकर जिरायत रब्बी ज्वारी, वाण फुले सुचित्रा, १८ इंचांवर पेरलेली. सोमवारी बाविसावा दिवस, म्हणजे पहिली कोळपणी (ओळींमधली माती हलवून तण काढणं) दारात आलेली.

दीड एकर सोयाबीन कापून शेताच्या कडेला गंज घातलेली, ताडपत्रीखाली. मळणी बाकी. रान रिकामं झालंय आणि तिथे ओलिताखाली हरभरा घ्यायचा आहे. बागायत हरभऱ्याची पेरणी २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात उरकावी लागते, त्यामुळे हातात साधारण दोन आठवडे आहेत.

उरलेल्या अर्ध्या एकरात तूर, फुलोऱ्यात.

बैलजोडी भाड्याची, मळणी यंत्र गावात एकच, आणि थ्री फेज लाईट कधी दिवसाच्या पाळीत तर कधी रात्रीच्या. चारही कामांना कोरडं हवामान हवंय, पण चौघांना हवा असलेला कोरडेपणा सारखा नाही. हे प्रकरण मांडण्याचं कारणच ते आहे.

अंदाज

जिल्ह्याचं कृषी हवामान सल्ला पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं आणि पुढच्या पाच दिवसांचं असतं. रविवारी संध्याकाळी आठवड्याचं नियोजन करायला बसलं, तर शुक्रवारचं पत्रक बुधवारपर्यंतच पोचतं. पुढचे दिवस हवामान विभागाच्या सोलापूर शहरासाठीच्या सात दिवसांच्या अंदाजातून आणि गुरुवारी निघणाऱ्या विस्तारित अंदाजातून जोडून घ्यावे लागतात. जोडलेल्या भागावर कमी भरवसा ठेवायचा आणि मंगळवारचं पत्रक आलं की तो भाग खोडून नव्याने लिहायचा.

जोडून तयार झालेला आठवडा असा. आधी कमाल आणि किमान तापमान, मग सकाळची आणि दुपारची आर्द्रता, शेवटी ढग. ढग अष्टमांशात, म्हणजे आकाशाचे आठ भाग मानून त्यातले किती झाकलेत ते :

सोमवार : ३२ / १९, आर्द्रता ७८ / ४२, ढग १
मंगळवार : ३२ / १८, आर्द्रता ७५ / ३८, ढग ०
बुधवार : ३१ / १७, आर्द्रता ७२ / ३५, ढग ०
गुरुवार : ३१ / १६, आर्द्रता ६८ / ३२, ढग ०
शुक्रवार : ३१ / १६, आर्द्रता ६६ / ३०, ढग ०
शनिवार : ३० / १७, आर्द्रता ७० / ३४, ढग २
रविवार : ३१ / १८, आर्द्रता ७५ / ४०, ढग ३

पाऊस सातही दिवस शून्य. वारा ताशी ६ ते १० किलोमीटर, शुक्रवारपर्यंत ईशान्येचा, शनिवारपासून पूर्वेचा.

या आकड्यांमागचं कारण समजलं की ते लक्षात राहतात. मान्सून परतल्यावर उत्तर आणि मध्य भारतावर हवेचा दाब वाढतो आणि तिकडची कोरडी हवा ईशान्येकडून दख्खनवर उतरू लागते. आकाश निवळतं. ऑक्टोबरअखेर दुपारचा सूर्य सोलापुरात क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून ऊन लख्ख असूनही पारा ३१-३२ वर थांबतो. रात्र साडेबारा तासांची झालेली असते. ढग नाहीत, हवेत बाष्प कमी, वारा पडलेला, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्रभर निसटत राहते आणि किमान तापमान रोज अर्धा-एक अंशाने उतरतं. दिवस-रात्रीचा फरक सोमवारी १३ अंश आहे, गुरुवार-शुक्रवारी १५ होतो आणि शनिवारी पुन्हा १३ वर येतो. हे शेवटचं वळण ध्यानात ठेवा, त्याकडे पुढे येऊ.

आणखी एक गोष्ट. पत्रकातलं तापमान हे जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापीचं असतं. उघड्या रानात, पानाच्या पृष्ठभागावर, निरभ्र आणि निवांत रात्री ते दोन-चार अंश खाली असतं. भोगावती-सीनेच्या काठच्या खोलगट रानात थंड हवा साचते, तिथे आणखी खाली. कार्तिकीच्या दिवसांत चंद्रभागेच्या वाळवंटात झोपणाऱ्या वारकऱ्याला सोळा अंशांचा आकडा वाचून वाटला होता त्याहून जास्त गारठा लागतो, त्याचं कारणही हेच.

दव पडेल का, हे आकड्यांतून काढणं

द्राक्षबागेला या आठवड्यात पावसाची भीती नाही, दवाची आहे. पत्रकात दवाची ओळ नसते, पण ती काढता येते. सोपा ठोकताळा असा : १०० मधून सकाळची आर्द्रता वजा करा, उत्तराला ५ ने भागा. जितके अंश येतील तितकं पान हवेपेक्षा थंड झालं की त्यावर दव धरतं. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तेव्हा हा ठोकताळा चांगला जमतो.

सोमवार : १०० वजा ७८ म्हणजे २२, भागिले ५, उत्तर ४.४ अंश. पान दोन ते चार अंश थंड होतं, तेव्हा सोमवार काठावर आहे. मंगळवारी ५, बुधवारी ५.६, गुरुवारी ६.४, शुक्रवारी ६.८. म्हणजे उघड्या रानात मंगळवारपासून दव नाही. शनिवारी ६, रविवारी पुन्हा ५.

पण बाग म्हणजे उघडं रान नव्हे. ठिबकने ओली झालेली पट्टी, मांडवाखाली अडलेला वारा आणि वेलींचं स्वतःचं बाष्प यांमुळे बागेतली आर्द्रता बाहेरच्यापेक्षा आठ-दहा टक्के जास्त धरून चालावं. सोमवारचे ७८ बागेत ८८ झाले तर उत्तर २.४ येतं, आणि तेवढं थंड पान सहज होतं. मंगळवारी ८५ धरून ३, बुधवारी ८२ धरून ३.६. गुरुवारी मात्र ७८ धरूनही ४.४. म्हणून बागेपुरतं बोलायचं तर सोमवार आणि मंगळवारची पहाट नक्की ओली, बुधवार संशयाचा, गुरुवार-शुक्रवार कोरडे.

यातली एक वस्तू आपल्या हातात असते, ती म्हणजे पाण्याची वेळ. थ्री फेज रात्री असेल आणि बागेला रात्री पाणी सुटलं, तर गुरुवारचा कोरडा आकडासुद्धा आपणच ओला करून टाकतो. लाईट रात्रीच मिळणार असेल तर पाणी आधी टाकीत किंवा शेततळ्यात ओढून घ्यावं आणि ठिबक सकाळी आठनंतर सोडावं. जिथे ही सोय नाही तिथे सोमवार-मंगळवारच्या रात्री तरी पाणी टाळावं. हलक्या मुरमाड जमिनीत एक रात्र चुकली तर वेल सुकेल असं वाटतं, पण या अवस्थेत पाला कमी असल्याने गरजही कमी असते.

ती गरज किती, याचाही हिशोब होतो. बाष्पीभवन दिवसाला ५ मिमी धरू. पाल्याने अजून अर्धीही जमीन झाकलेली नाही म्हणून गुणांक ०.४ धरू. पाच गुणिले ०.४ म्हणजे २ मिमी. एकरावर १ मिमी पाणी म्हणजे सुमारे ४,०५० लिटर, तेव्हा २ मिमी म्हणजे ८,१०० लिटर. ९ बाय ५ फुटांवर एकरी ९६८ वेली बसतात. वेलीला दिवसाला साधारण साडेआठ लिटर. वेलीजवळ ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर असतील तर तासाभराचं पाणी. ‘हवा कोरडी पडलीय, पाणी वाढवा’ म्हणून दोन-अडीच तास ठिबक चालवणारे पुष्कळ आहेत. त्यातून शेंडा सुसाट वाढतो, घड जिरून नाहीसे होण्याचा धोका वाढतो आणि बागेतली आर्द्रता वाढून दवाला घर मिळतं.

फवारणीचे तास

सकाळी दव असताना फवारलं तर द्रावण पानावरून ओघळतं आणि पातळ होतं. दुपारी उलट होतं. गुरुवारी दुपारी ३१ अंश आणि ३२ टक्के आर्द्रता असताना सुक्या आणि ओल्या तापमापीतला फरक, म्हणजे हवेच्या कोरडेपणाचं माप, ११ अंशांच्या पुढे जातो. फवारणीला हा फरक २ ते ८ चांगला. त्यापुढे बारीक थेंब पानावर पोचण्याआधी हवेतच सुकतो आणि जो पोचतो त्याला आत शिरायला वेळच मिळत नाही. त्याच दिवशी सकाळी नऊला, तापमान २४ आणि आर्द्रता ५८ धरली तर फरक पावणेसहा येतो. तीच हवा, तोच दिवस, फरक फक्त तासांचा.

या आठवड्यात सूर्य साडेसहाच्या जरा आधी उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. दव सुकायला साडेसात-आठ वाजतात. त्यामुळे फवारणीचे तास : सकाळी आठ ते साडेदहा, आणि संध्याकाळी साडेचार ते पावणेसहा. सूर्य मावळल्यावर वारा एकदम पडतो, जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते आणि ब्लोअरचा बारीक फवारा तिथेच तरंगत शेजारच्या रानात जातो. शेजारी मेथी-कोथिंबीर असेल तर हे विशेष जपायचं. वारा ताशी तीन ते दहा किलोमीटर असणं उत्तम, अगदी पडलेला वारा फवारणीला वाईटच.

आता काय फवारायचं. सोमवार-मंगळवारच्या ओल्या पहाटेसाठी डाऊनीवरचं संरक्षण आधीच पानावर असायला हवं, म्हणून मॅन्कोझेब लिटरला २ ग्रॅम याप्रमाणे रविवारी संध्याकाळी. बुधवारनंतर डाऊनीचा जोर ओसरतो आणि तिथेच बेसावधपणा येतो, कारण भुरीला (पांढऱ्या पुडीसारख्या दिसणाऱ्या बुरशी रोगाला) ओलं पान लागत नाही. पंचवीस अंशांच्या आगेमागे तापमान, मांडवाखाली सावली आणि थोडी दमट हवा एवढ्यावर ती वाढते, आणि हा सौम्य, कोरडा आठवडा नेमका तसाच आहे. ‘पाऊस नाही, दव नाही, फवारणी वाचली’ असं म्हणून हा आठवडा रिकामा सोडलेल्या बागेत पुढे घडाच्या दांड्यावर पांढरी पूड दिसते. शुक्रवारी सकाळी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम पुरेसं. पारा ३५ च्या खाली असल्याने पानं करपण्याची भीती कमी, तरी भर दुपारी नको. निर्यातीची बाग असेल तर प्रत्येक औषधाचं लेबल आणि काढणीपूर्व कालावधी तपासल्याशिवाय टाकीत काही घालू नये.

गुरुवारी एकोणिसावा दिवस. घड पोपटी रंगावर आले की घडाची लांबी वाढवायला जीएचा (जिबरेलिक अॅसिड या वाढ संजीवकाचा) पहिला, १० पीपीएमचा हात येतो, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम. पावडर आधी थोड्या अॅसिटोनमध्ये विरघळवायची आणि द्रावणाचा सामू (पीएच) साडेपाच ते सहाच्या दरम्यान आणायचा. सोलापूरच्या बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त असतं, सामू आठच्या पुढे असतो, त्यामुळे सायट्रिक अॅसिड घालून मीटरने किंवा कागदपट्टीने तपासणं सोडून चालत नाही. जीए पानात-घडात शिरतं ते थेंब ओला असेपर्यंतच. आठवड्यातली सगळ्यात कोरडी दुपार गुरुवार-शुक्रवारची, म्हणून हा हात गुरुवारी सकाळी आठ ते साडेनऊमध्येच द्यावा. ‘दहा पीपीएमने काही झालं नाही’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा मात्रा बरोबर असते, चुकलेलं असतं पाणी किंवा घड्याळ. जीएच्या टाकीत ताम्रयुक्त औषध मिसळू नये.

ज्वारी : सोमवार-मंगळवार सोडू नका

जिरायत ज्वारी आता पुढचे तीन महिने जमिनीत साठलेल्या ओलीवर जगणार आहे. सोलापूरच्या मुळेगावच्या संशोधन प्रक्षेत्रापासून मोहोळच्या ज्वारी केंद्रापर्यंत कोरडवाहू शेतीचं जे काम गेल्या शतकात झालं, त्याचं सार एका वाक्यात सांगायचं तर ओल उडू देऊ नका. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळलाच निवडला गेला, तोही याच ओलीवर तग धरण्याच्या गुणासाठी. पण वाण कितीही चिवट असला तरी वरचा थर उघडा राहिला की पाणी जातं. ५ मिमी बाष्पीभवन म्हणजे एकराला दिवसाला वीस हजार लिटर. वरची माती सुकत जाते तसा प्रत्यक्ष तोटा घटतो, पण काळ्या जमिनीला भेगा पडल्या की तो पुन्हा खालून सुरू होतो.

म्हणून पहिली कोळपणी या आठवड्यातलं सगळ्यात पहिलं काम. पीक तीन आठवड्यांचं असताना फटीचं कोळपं, पाच आठवड्यांनी पासचं, आठ आठवड्यांनी दातेरी, हा क्रम. एक जोडी दिवसात दीड-दोन एकर करते, म्हणजे तीन एकराला दोन दिवस. ते सोमवार-मंगळवारच हवेत, कारण परतीच्या पावसाची वरची ओल अजून आहे, माती भुसभुशीत फुटते आणि भेगांत भुगा पडून बसतो. हेच काम शुक्रवारवर ढकललं तर चार कोरड्या दिवसांनी वरचा थर आवळतो, कोळप्याची पास (पातं) खोल जात नाही, ढेकळं निघतात आणि रोपं उचकटतात. उपटलेलं तण मात्र कोणत्याही दिवशी मरेल, त्याला हे ऊन पुरतं. तणाकडे बघून कोळपणीचा दिवस ठरवणारे इथेच फसतात, दिवस मातीकडे बघून ठरवायचा.

कोळपताना पोंगे, म्हणजे रोपाचे मधले गुंडाळलेले कोवळे शेंडे, बघत जावं. मधला पोंगा सुकून ओढताच हातात येत असेल तर ती खोडमाशी, पोंग्यात भुसा आणि पानांना ओळीत भोकं असतील तर लष्करी अळी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, तेव्हा नुसतं ‘पोंगे गेले’ म्हणून दुकानात जाऊ नये.

सोयाबीन : मळणी अकरा ते चार

गावातलं एकच मळणी यंत्र सकाळी सातला कुणी सोडत असेल तर मोह होतो. सोमवारी सकाळी ७८ टक्के आर्द्रतेत रात्रभर दमट झालेल्या शेंगा नीट फुटत नाहीत, दाणे भुसकटात जातात. यंत्रवाला मग फेरे वाढवतो आणि दाण्याची टरफलं सोलून निघतात. मळणी अकरा ते चार, ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५००. मंगळवार किंवा बुधवार हा चांगला दिवस. गुरुवार-शुक्रवारी दुपारची आर्द्रता ३०-३२ वर येते तेव्हा दाणा इतका ठणठणीत होतो की आपटून डाळ पडते. त्या दिवशीच यंत्र मिळालं तर फेरे ४०० च्या खाली आणावेत, बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर नक्कीच.

वाळवण्यात उलटी चूक होते. बाजारात १२ टक्के ओलावा चालतो. १५ टक्क्यांचे १० क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर आणलं तर ९ क्विंटल ६६ किलो उरतं. आणखी दोन दिवस उन्हात पसरून ठेवलं आणि ओलावा ९ वर गेला, तर ९ क्विंटल ३४ किलो. वरचे ३२ किलो ही निव्वळ हवेत गेलेली पट्टी, भाव त्यासाठी कुणी वाढवून देत नाही. या आठवड्याच्या उन्हात ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर, दिवसातून तीनदा उलथला, तर एक-दोन दिवस बास होतात. कोरड्या बाटलीत मूठभर दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवावं. मीठ दाण्याला किंवा काचेला चिकटलं तर ओलावा १५ च्या वर. नाही चिकटलं की आडत्याकडच्या किंवा बाजार समितीतल्या मीटरवर एकदा खात्री करून पोती भरावीत. रात्री ढीग झाकायचाच, नाहीतर पहाटे दमट हवेतून वरचा थर पुन्हा ओल ओढतो.

तुरीचं थोडक्यात : एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे), त्यात रोज सापडणारे पतंग मोजून लिहिणं. सापळ्यात सलग दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग आले, की पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळच्या तासांत. आकाश निरभ्र असेपर्यंत घाई नाही, शनिवारी ढग आले की झाडं हलवून अळ्या बघायच्या.

शनिवारचं वळण

आता त्या शेवटच्या दोन दिवसांकडे. पाऊस तिथेही शून्यच लिहिलाय. पण चार गोष्टी एकाच वेळी वळल्या आहेत : वारा ईशान्येवरून पूर्वेला गेला, सकाळची आर्द्रता घसरायची थांबून चढू लागली, दिवस-रात्रीचा फरक १५ वरून १३ वर आला, आणि ढग शून्यावरून दोन-तीन अष्टमांश झाले. यातली एखादी वळली तर दुर्लक्ष करता येतं. चारही मिळून वळल्या म्हणजे बंगालच्या उपसागराकडून बाष्प येऊ लागलंय.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ, आणि आंध्रच्या किनाऱ्यावर आलेलं कमी दाबाचं क्षेत्र तेलंगणामार्गे सरळ सोलापूरवर येऊ शकतं. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाडाजवळ किनारा ओलांडलेल्या अशाच क्षेत्राने दुसऱ्या दिवशी सोलापूर-पंढरपूर भागात हाहाकार केला, हे इथल्या कुणी विसरलेलं नाही. काकीनाडा ते सोलापूर अंतर पावणेसातशे किलोमीटरच्या घरात. क्षेत्र ताशी २०-२५ किलोमीटरने सरकलं तर सव्वा-दीड दिवसात इथे. म्हणजे किनाऱ्यावर आल्याची बातमी कळल्यावर एक दिवस हातात असतो आणि गंज झाकण्यापलीकडे त्यात फारसं काही होत नाही. म्हणून बुधवारपासून हवामान विभागाचा उपसागरासाठीचा रोजचा अंदाज पाहावा. त्यात पुढच्या दिवसांत डिप्रेशन (अधिक तीव्र झालेलं कमी दाबाचं क्षेत्र) होण्याची शक्यता शून्य, कमी, मध्यम की जास्त ते दिलेलं असतं.

शुक्रवारच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ आलं असं समजू. तुरळक म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर पाव ठिकाणी. आपल्या रानात तो न पडण्याचीच शक्यता जास्त. तरी सोयाबीन उघड्यावर असेल तर झाकायला दोन माणसं आणि अर्धा तास लागतो, आणि भिजलेल्या दाण्याचा काळपटपणा मात्र धुऊन जात नाही. तिथे तेवढी शक्यताही पुरेशी. शनिवार-रविवारची बागेतली फवारणी तेवढ्यासाठी पुढे ढकलू नये. एकाच अंदाजावर दोन कामांत दोन वेगळे निर्णय, आणि दोन्ही बरोबर.

हरभरा

सोयाबीनच्या रानात ओल कमी पडल्याने पेरणीआधी तुषारने भिजवण लागते. तासाला १० मिमी देणारा संच चार तास. तो मंगळवारी सकाळी सातला सुरू करून अकराला बंद करावा. बाग या रानाच्या नैर्ऋत्येला असल्याने ईशान्येच्या वाऱ्याबरोबर तुषारचा दमटपणा तिकडे जातो, त्यामुळे इथेही रात्रीची पाळी टाळायची. मध्यम काळ्या जमिनीला वाफसा यायला चार-पाच दिवस, म्हणजे शनिवार-रविवार. चार बोटं खोलची माती मुठीत दाबावी. गोळा होऊन बोटाच्या टिचकीने फुटला तर वाफसा आला, चिकटून राहिला तर एक दिवस थांबावं.

पेरायचं की नाही हे शुक्रवारच्या पत्रकावर. पुढच्या पाच दिवसांचा मिळून अंदाज १० मिमीच्या आत असेल तर पेरून घ्यावं, तेवढ्या पावसाने काळ्या रानात बी कुजत नाही. वीस मिमीच्या पुढे दिसत असेल आणि उपसागरात शक्यता मध्यम किंवा जास्त असेल तर थांबावं, १० नोव्हेंबरपर्यंत जागा आहे. पेरताना बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा (रोग रोखणारी उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम, मग गुळाच्या पाण्यातून रायझोबियम, आणि तासभर सावलीत सुकवणं. उन्हात सुकवलं तर रायझोबियमचे जिवाणू मरतात.

पुढच्या आठवड्यातली तपासणी

सोमवार-मंगळवारच्या दवात डाऊनीची लागण झाली असेल तर ती लगेच दिसत नाही, साधारण पाच ते सात दिवसांनी उघडी पडते. म्हणून रविवार ते पुढचा मंगळवार या तीन सकाळी बागेच्या खोलगट कोपऱ्यातल्या आणि पाण्याच्या वाल्व्हजवळच्या वेलींची खालची पानं उजेडासमोर धरून बघावीत. पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर तेलकट डाग दिसला तर ते पान तोडून, आत थोडं पाणी शिंपडलेल्या प्लास्टिक पिशवीत रात्रभर घरात ठेवावं. सकाळी डागाच्या मागच्या बाजूला पांढरी बुरशी उगवली तर रोग जिवंत आहे. मग मॅन्कोझेबसारख्या नुसत्या संरक्षक औषधावर न थांबता आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरून काम करणारं, औषध घ्यावं लागेल, तेही शनिवारचे ढग पुढे सरकून पहिली ओली पहाट येण्याच्या आत. डाग तपकिरी आणि कोरडाच राहिला तर रविवारची फवारणी पोचली होती असं धरायला हरकत नाही, आणि तीच तपासणी दोन दिवसांनी पुन्हा करावी.